मुंबई-लंडन तारेच्या दोन वाटा

मुंबई आणि लंडन तारेने जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न एकाच केबलवर विसंबला होता. 1859-60 मध्ये तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत टाकलेली ती केबल तुकड्यातुकड्यांनी निकामी झाली. ब्रिटिश सरकारने मात्र कंपनीच्या 8 लाख पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्क्यांची 50 वर्षांची हमी देऊन ठेवली होती, तीही बिनशर्त. केबल मुकी आणि व्याज चालू, अशी गत झाली.

पुढच्या खेपेस सावधपणा आला. 1864 मध्ये ग्वादर, मुसंदम, बुशहर, फाव अशी इराणच्या आखातातून केबल टाकण्यात आली. फावपासून तुर्कस्तानची जमिनीवरची तार बगदादमार्गे कॉन्स्टँटिनोपलकडे जाई. बगदाद आणि बसऱ्यामधला मुलूख अरब टोळ्यांच्या बंडाळीमुळे बेभरवशाचा होता. म्हणून बुशहरहून तेहरानमार्गे बगदादला पोचणारी वळशाची तार उभारली गेली. 1865 मध्ये ही सोय सुरू झाली, पण संदेशाला कित्येक दिवस लागत. वाटेवरच्या तारघरांत इंग्रजी न जाणणारे कारकून तो उतरवून घेत, त्यामुळे मजकुराचे हालही होत. कापसाचे भाव कोसळत होते त्या काळात मुंबईच्या व्यापाऱ्यांना ही दिरंगाई परवडणारी नव्हती.

खरी मेख वेगळीच होती. दोन्ही तारा बुशहरला एकत्र येत आणि तिथून ग्वादरपर्यंत एकाच केबलवरून धावत. जर्मनीच्या सीमेन्स बंधूंनी बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तेहरान अशी नवी तार 1870 मध्ये सुरू केली. ती झपाट्याने चाले, पण तीही शेवटी आखातातच उतरे. 1869 मध्ये बुशहर ते जास्क दुसरी केबल पडल्याने या अडचणीवर थोडाफार उतारा मिळाला होता, एवढेच.

सर्वस्वी स्वतंत्र मार्ग 1870 मध्येच मिळाला. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने फेब्रुवारीत मुंबईहून एडनकडे केबल सोडत नेली आणि जूनमध्ये लंडनपर्यंतची साखळी जुळली. तिची उपयुक्तता लगेच दिसली: त्याच उन्हाळ्यात भूकंपाने सीमेन्सच्या मार्गातली काळ्या समुद्रातली केबल तुटली. तिच्या जागी पुढे जमिनीवरून तार न्यावी लागली.

स्पर्धा मात्र फार टिकली नाही. 1878 पासून मुंबई-एडन केबल चालवणारी समुद्री कंपनी, सीमेन्सची कंपनी आणि आखातातली केबल चालवणारे सरकारी खाते यांनी उत्पन्न एकत्र करून वाटून घ्यायला सुरुवात केली. ग्राहकाच्या दृष्टीने हा सौदा तितकासा चांगला नव्हता. मार्ग अनेक, पण दर ठरवणारे एक. 1914 च्या महायुद्धात जमिनीवरच्या वाटा बंद पडल्या आणि समुद्राखालच्या केबलींनी भार वाहिला.

1927 मध्ये पुण्याजवळ दिघीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण करणारी केंद्रे उभारून इंग्लंडशी बिनतारी सेवा सुरू झाली. केबलपेक्षा ती स्वस्त पडे, त्यामुळे केबल कंपन्यांचे उत्पन्न घटू लागले. 1932 मध्ये हिंदुस्थानातील बिनतारी आणि केबल सेवा एकाच कंपनीत विलीन झाल्या.