एक अमिनो आम्ल संपलं, तर बाकीच्यांची तयारी का?

आपल्याकडे धाराशिवला ऊस तुटला की पाचट पेटवतात. जळालेल्या उसावर उगवणारी नारिंगी बुरशी म्हणजे न्यूरोस्पोरा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमेश माहेश्वरींनी ती तिथेच अभ्यासली.

पेटच्या नोट्समध्ये मात्र न्यूरोस्पोरा १९४१ ला येते आणि तिथेच संपते. बीडल-टेटम, एक जनुक एक एन्झाइम, १९५८ चं नोबेल, पान उलटा! खरा प्रश्न पुढचा आहे: एन्झाइम किती बनवायचं, हे कोण ठरवतं? जिवाणूत ट्रिप्टोफॅनची जनुकं एका रांगेत, एकाच बटणावर. बुरशीत ती विखुरलेली. तरी १९७० च्या दशकात कार्सिओटिस यांच्या गटाला दिसलं, की हिस्टिडिनची टंचाई केली तर ट्रिप्टोफॅन, आर्जिनिनची एन्झाइम्सही वाढतात.

याचा उलगडा झाला यीस्टमध्ये, हिनेबुश यांच्या १९८४ पासूनच्या कामातून. जीसीएन४ च्या आरएनएत मुख्य संदेशाआधी चार छोट्या वाचन-चौकटी आहेत. अमिनो आम्लं भरपूर असली की रायबोसोम तिथेच गळतात. टंचाईत रिकामे टीआरएनए जीसीएन२ ला जागं करतात, रायबोसोमला पुन्हा सुरू व्हायला उशीर होतो, आणि त्या उशिरामुळेच ते जीसीएन४ पर्यंत पोचतात. म्हणजे एकूण प्रथिननिर्मिती मंदावते, पण नेमकं हेच प्रथिन वाढतं. (आकृती स्वतः काढून बघा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.)

१९८८ मध्ये न्यूरोस्पोराचं सीपीसी-१ याच कुळातलं निघालं. त्या गटात चार्ल्स यानोफ्स्की होते, जिवाणूतला ट्रिप्टोफॅन ऑपेरॉन उलगडणारे तेच.