काजळ तेवढं लक्षात राहिलं

2021 मध्ये कमला हॅरिस अमेरिकेच्या उपाध्यक्ष झाल्या आणि टेक्सासमधल्या काही पाद्र्यांनी त्यांना ‘जेझबेल’ म्हटलं. निर्लज्ज, पुरुषांना नादी लावणारी बाई, असा त्याचा अर्थ.

मराठी बायबलमधली ईजबेल ती हीच. सीदोनच्या राजाची मुलगी, इस्राएलच्या अहाब राजाची राणी. मी राजांची पुस्तकं पुन्हा वाचली. तिनं परमेश्वराच्या संदेष्ट्यांना मारलं, बआलची पूजा वाढवली. नवऱ्याला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तर खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडांनी ठार करवलं. गुन्हे काही लहान नाहीत! पण परपुरुषाचा एकही प्रसंग नाही. येहू तिच्या जारकर्माबद्दल बोलतो खरा, पण बायबलमध्ये परक्या देवांच्या पूजेलाही तोच शब्द लावतात. मरणाआधी तिनं डोळ्यांत काजळ घातलं, केस सावरले. मग येहूच्या हुकमावरून तिला खिडकीतून खाली फेकलं. लोकांनी नाबोथ विसरून काजळ लक्षात ठेवलं.

अमेरिकेतल्या गुलामगिरीत हे फार सोयीचं पडलं. काळी बाई म्हणजे जात्याच जेझबेल, मग मालकाचा दोष तो काय? मिसुरीतल्या सीलियाला मालकानं 1850 मध्ये विकत घेतलं, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची. पाच वर्षं तो तिच्यावर बलात्कार करत राहिला, शेवटी तिनं त्याला ठार केलं. ‘कोणत्याही स्त्री’ला संरक्षण देणारा कायदा मिसुरीत होता. न्यायाधीशानं तो तिला लागू होऊ दिला नाही. 21 डिसेंबर 1855 ला तिला फाशी दिली.