सेंट हेलेना : तार, तबकडी आणि दूरचित्रवाणी

सेंट हेलेना म्हटले की मराठी वाचकाला नेपोलियन आठवतो, आणि तेवढ्यावरच आठवण संपते. पण या बेटाचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी झुंजलेला आर्थर वेलस्ली १८०५ साली हिंदुस्थानातून विलायतेला परतत होता. वाटेत त्याचे जहाज या बेटावर थांबले आणि ‘द ब्रायर्स’ नावाच्या बागायतीत त्याचा मुक्काम पडला. दहा वर्षांनी, वॉटर्लूनंतर, नेपोलियन कैदी म्हणून आला. लाँगवुडचे घर तयार होईपर्यंतचे पहिले दोनेक महिने त्यानेही याच ब्रायर्सच्या आवारात काढले. तोवर वेलिंग्टनचा ड्यूक झालेला वेलस्ली पॅरिसमध्ये नेपोलियनच्या महालात उतरला होता. माझी जुनी जागा त्यांना आवडली असेल अशी आशा आहे, अशा अर्थाचा टोमणा त्याने एका पत्रातून मारला. हे पत्र ज्या आरमारी अधिकाऱ्याला लिहिले तो पल्टनी माल्कम, म्हणजे पेशवाईच्या अखेरीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या जॉन माल्कमचा भाऊ.

मी मात्र या लेखापुरता ब्रायर्सकडे वळलो तो नेपोलियनसाठी नव्हे, तारेसाठी. दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटावर बाहेरच्या जगाचा शब्द, पुढे आवाज आणि शेवटी चित्र कसे पोचले, हे शोधताना पुन्हा पुन्हा याच जागेपाशी यावे लागते.

आफ्रिकेचा किनारा इथून सुमारे १९०० किलोमीटर. बेटाचे क्षेत्रफळ अवघे १२२ चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. १५०२ मध्ये पोर्तुगीजांना ते सापडले तेव्हा तिथे माणूस नव्हता. १६५९ पासून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होते. हिंदुस्थानातून परतणाऱ्या जहाजांनी गोडे पाणी भरायचे, भाजीपाला घ्यायचा आणि पुढे जायचे, एवढ्यासाठी त्याची गरज. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि ही वाहतूक दुसरीकडे वळली. त्यानंतर बेट उरले ते मुख्यतः कैदी ठेवण्यापुरते. झुलूंचा राजा दिनुझुलू इथे होता आणि १९०० पासून हजारो बोअर युद्धकैदी इथल्या छावण्यांत होते.

समुद्राखालची तार आली तीही याच बोअर युद्धाच्या धामधुमीत. नोव्हेंबर १८९९ मध्ये ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीची केबल केपटाउनहून सेंट हेलेनाला पोचली आणि पुढे असेन्शन बेटाकडे गेली. कंपनीने आपले ठाणे मांडले ब्रायर्सला. लंडनहून केपकडे निघालेला लष्करी हुकूम या बेटावरून जात असे. बेटवाल्यांच्या सोयीसाठी ही तार टाकलेली नव्हती. वाटेत उभारलेल्या खांबाला तारेतला निरोप कळत नाही, तसेच काहीसे हे. पुढची शंभर वर्षे पाहिली तरी फारसे वेगळे दिसत नाही. जगाची यंत्रणा बेटावरून जाते, आणि बेटाला मिळायचे ते तिच्या काठाकाठाने मिळते.

उपग्रहाचे युग आल्यावर जुन्या तार कंपनीची वारस असलेल्या केबल अँड वायरलेसने १९८९ मध्ये ७.६ मीटर व्यासाची तबकडी बसवली, तीही ब्रायर्सलाच. बेटाचा टेलिफोन आणि नंतर इंटरनेट, सारे या एका तबकडीवर अवलंबून. बेटाचा स्वतःचा रेडिओ १९६७ च्या नाताळात सुरू झाला होता. सिनेमा होता, व्हिडिओ कॅसेट होत्या; टपाल आणि माल घेऊन येणारी आरएमएस सेंट हेलेना ही बोट होती. नव्हती ती फक्त दूरचित्रवाणी. मुंबई दूरदर्शन १९७२ चे. आपल्याकडे गावच्या चावडीवर संच लावणारा ‘साइट’ प्रयोग १९७५-७६ मधला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून तेव्हा सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांना थेट चित्र मिळाले. सेंट हेलेनाला ते मिळाले १९९५ मध्ये.

एवढा उशीर का, याचे उत्तर आकाशात आहे. दूरचित्रवाणीचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच फिरत असल्याने स्थिर भासतो. त्याचा झोत मालक गिऱ्हाईक पाहून रोखतो. साडेचार हजार माणसांसाठी समुद्राच्या मध्यावर झोत टाकणे कोणालाच परवडत नाही. तेव्हा बेटाने करायचे काय, तर दुसऱ्या कोणासाठी रोखलेल्या झोताची कड पकडायची. ती कड दक्षिण आफ्रिकेच्या डीएसटीव्ही सेवेची होती. ‘इंटेलसॅट ७’ या उपग्रहावरून केयू पट्ट्यात येणारा हा संकेत बेटावर ब्रायंट्स बीकन या ठिकाणी झेलला जाई आणि तिथून साध्या यूएचएफ लहरींवर घरोघर जाई.

या उपग्रहाचे स्थान ६८.५ अंश पूर्व रेखांशावर. वाचकांनी नकाशा काढून पाहावा. ही रेषा आपल्या अरबी समुद्रातून जाते. मी कागद-पेन्सिल घेऊन कोनाचे गणित मांडले. मुंबईहून पाहता हा उपग्रह दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांवर, म्हणजे बराच माथ्याकडे येतो. (त्याचा आफ्रिकेकडे रोखलेला झोत अर्थातच आपल्यासाठी नव्हता.) सेंट हेलेनाहून मात्र तो जवळजवळ नेमका पूर्वेला, क्षितिजाच्या वर जेमतेम साडेसहा अंशांवर येतो. हात लांब करून तीन-चार बोटे आडवी धरली तर झाकला जाईल, इतका खाली. जेम्सटाउन हे मुख्य गाव दोन उभ्या डोंगरांच्या बेचक्यात, वायव्येला समुद्राकडे उघडणाऱ्या अरुंद दरीत वसलेले. तिथून पूर्वेचे क्षितिज दिसणारच कसे? म्हणून छपरावर आपापली तबकडी लावण्याचा उपाय गावात चालत नाही. मोकळ्या उंच जागी एक मोठी तबकडी आणि तिथून वाटप, हाच मार्ग. शिवाय इतक्या तिरक्या कोनात येणारी लहर वातावरणाच्या कितीतरी लांब थरातून येते, आणि केयू पट्ट्याला पाऊस सोसत नाही.

आपल्या अंदमानचेही असेच झाले. दूरदर्शनची घरोघरी थेट पोचणारी सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली, पण तिचा केयू झोत अंदमान-निकोबारपर्यंत जात नव्हता. त्या बेटांसाठी सी पट्ट्यातली वेगळी, मोजक्या वाहिन्यांची सेवा उभारावी लागली. फरक एवढाच की तिथे हे काम कोणाचे, हे ठरलेले होते.

आता चित्राच्या प्रतीविषयी. जुन्या पद्धतीच्या एका चित्रचौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. हाय डेफिनिशनमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर. उपग्रहावरून येणारे डिजिटल चित्र कितीही चोख असो, ते उतरवून जुन्या ॲनालॉग यूएचएफवर पुन्हा सोडले की प्रत तिथेच पडते. दुधाचा टँकर दारात आणि घरात न्यायला तांब्या, अशी गत. शेवटच्या टप्प्यापर्यंत सगळे डिजिटल केल्याशिवाय बेटावर मोठ्या पडद्याचा उपयोग नव्हता. इंटरनेटवरून चित्र आणावे तर २०१२ च्या सुमारास अख्ख्या बेटाची आवक सेकंदाला २० मेगाबिटच्या घरात. हाय डेफिनिशनच्या एका वाहिनीलाच सहा ते दहा मेगाबिट लागतात. म्हणजे दोन-तीन घरांनी एकाच वेळी सामना लावला की बाकीच्या बेटाने पत्रव्यवहार थांबवायचा. प्रक्षेपणाच्या झोतात पाहणारा एक असो की एक कोटी, भार तेवढाच. इंटरनेटमध्ये प्रत्येक पाहणाऱ्याचा भार वेगळा. बेटाला तबकडी इतकी वर्षे पुरली, ती यामुळे.

या साऱ्यात काय पणाला लागले होते, हे इंग्लंडमधल्या काही शिक्षणतज्ज्ञांनी वेळीच ओळखले. टोनी चार्ल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरचित्रवाणी येण्याआधीच बेटावरच्या मुलांच्या वागणुकीची नोंद घेतली होती. शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून ढकलाढकली, मारामारी, मदत, सारे मोजले. शिक्षकांकडून मुलांविषयी तक्ते भरून घेतले. १९९५ नंतर तीच मोजणी पुन्हा केली. आधीच्या अनुभवावरून अपेक्षा वाईटाचीच होती. कॅनडातल्या एका गावाला, अभ्यासकांनी ज्याला ‘नोटेल’ हे टोपणनाव दिले, १९७३ मध्ये दूरचित्रवाणी मिळाली होती आणि तिथल्या मुलांची आक्रमकता दोन वर्षांत वाढल्याचे टॅनिस मॅक्बेथ विल्यम्स यांनी दाखवले होते. सेंट हेलेनात तसे झाले नाही. मुले आधी जशी गुणी होती तशीच राहिली. २००२ मध्ये याचे पुस्तक निघाले. चार्ल्टन यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मारामारीची दृश्ये मुलांनी पाहिली खरी, पण ती करून पाहायला मोकळीक नव्हती. रस्त्यावरचा प्रत्येक मोठा माणूस मुलाला नावाने ओळखत होता.

हे वाचून हायसे वाटते, पण मी त्याच्या शेजारी फिजी ठेवतो. तिथेही एका किनारी भागात दूरचित्रवाणी नेमकी १९९५ मध्येच पोचली. ॲन बेकर यांनी तिथल्या स्थानिक फिजियन शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयी विपरीत वृत्ती १९९५ मध्ये १२.७ टक्के मुलींत आढळली होती. १९९८ मध्ये २९.२ टक्के. वजन घटवण्यासाठी ओकारी काढणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, नंतर ११.३ टक्के. चार्ल्टन मैदानावरची धक्काबुक्की मोजत होते. आरशापुढे एकट्या उभ्या राहिलेल्या मुलीचे काय होते, हे मैदानावरच्या कॅमेऱ्यात येत नाही. दोन्ही अभ्यास खरे आहेत आणि दोन्ही एकाच यंत्राविषयी आहेत. मला स्वतःला फिजीच्या आकड्यांचे वजन अधिक वाटते.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांच्या तक्त्यांत बसणारी नव्हती. १९८१ च्या कायद्याने बेटवाल्यांचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क गेला होता. तो परत मिळाला २००२ मध्ये. म्हणजे राणीची तसबीर भिंतीवर, हक्क मात्र नाही, आणि पडद्यावर दक्षिण आफ्रिकेच्या बाजारपेठेसाठी बांधलेला वाहिन्यांचा जुडगा, अशा अवस्थेत एक पिढी वाढली. त्यांची बातमी त्यांच्याच आवाजात ऐकवणारा रेडिओ सेंट हेलेना २०१२ च्या नाताळात बंद झाला. वर्षातून एकदा हा रेडिओ लघुलहरींवर साऱ्या जगासाठी बोलत असे आणि दूरदूरचे शौकीन त्याला पत्रे धाडत. बेटाकडून जगाकडे जाणारा प्रवाह तेवढाच होता; तबकडी फक्त घेत होती.

विमान १४ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाले आणि पुढच्या फेब्रुवारीत बोट निवृत्त झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये पोर्तुगालहून दक्षिण आफ्रिकेकडे जाणाऱ्या गूगलच्या ‘इक्वियानो’ केबलची एक फांदी युरोपीय विकास निधीच्या पैशाने बेटाला मिळाली. हीही जगाची वाहतूक बेटाजवळून जात होती म्हणूनच. ओलौडा इक्वियानो हा अठराव्या शतकातला, गुलामीतून सुटून आपली कहाणी लिहिणारा आफ्रिकी माणूस. त्याच्या नावाची केबल किनाऱ्याला लागली ती रूपर्ट्स बे येथे. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी माणसांना एकोणिसाव्या शतकात इथेच उतरवले जाई. त्यांतली हजारो या दरीत पुरलेली आहेत. विमानतळाच्या रस्त्याच्या कामात त्यांतल्या ३२५ जणांचे अवशेष वर आले होते आणि ते बरीच वर्षे पेट्यांतच होते. केबल आल्यानंतर वर्षभराने, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, त्यांचे दफन त्याच दरीत झाले. केबल प्रत्यक्ष वापरात आली १ ऑक्टोबर २०२३ ला.