गोळी कुणी चुकवली? क्षयरोग, मिस्ड कॉल आणि 'बेशिस्त' रुग्णाचा इतिहास



बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या पुस्तिकेत एक थर्मामीटर आहे. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातला मसूरचा रेल्वे स्टेशनचा प्रसंग आठवतो, बडोद्याची पारशी धर्मशाळा आठवते. थर्मामीटर फारसा कुणाला आठवत नाही. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आलं होतं, ते बाबासाहेबांनी या पुस्तिकेत घेतलं. शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठनं दोन रुपये फीची हमी दिली तेव्हा तो आला, पण वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला लेकरासह बाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. त्याच रस्त्यानं तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरनं न्यूमोनिया असल्याचं सांगितलं आणि औषध पाठवलं. पुन्हा बघायला यायला मात्र त्यानं नकार दिला. ती बाई गेली.

या प्रसंगात यंत्राचा दोष नाही. पारा खोटं बोलला नाही, आकडा बरोबर मिळाला. पण डॉक्टरला वस्तीबाहेर उभं राहूनच काम उरकता यावं, एवढ्याचसाठी ते यंत्र वापरलं गेलं. आज क्षयरोग्यानं गोळी घेतली की नाही हे मोबाईलवर, डबीतल्या चिपवर, ॲपवर मोजलं जातं. याला 'डिजिटल आरोग्य' म्हणतात. त्याचं कौतुक करण्याआधी किंवा त्यावर तुटून पडण्याआधी मला एवढंच तपासायचं आहे: हे यंत्र डॉक्टरला वस्तीत आणतं, की वस्तीबाहेर राहण्याची सोय करून देतं? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

१९५६ साली मद्रासला चेटपेट भागात क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं. आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचं ते संयुक्त काम होतं. तोवर क्षय म्हणजे सॅनिटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी आणि महिनोन् महिने पडून राहणं. म्हणजे ज्याच्याकडे पैसा, त्याचा इलाज. मद्रासच्या संशोधकांनी शहरातले गरीब रुग्ण घेतले, दाटीवाटीच्या घरांत राहणारे. निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना घरीच गोळ्या दिल्या. वर्षानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. घरी राहिलेल्यांमुळे कुटुंबात रोग जास्त पसरला, असंही दिसलं नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर सॅनिटोरियमं बंद होण्याच्या वाटेला लागली. झोपडपट्टीतला माणूसही बरा होऊ शकतो हे सिद्ध करणारा हा अभ्यास मला आपल्या चळवळीच्या दृष्टीनंही मोलाचा वाटतो.

पण त्याच केंद्रातून दुसरी गोष्टही निघाली. रुग्ण घरी आहे, मग तो गोळी खातो कशावरून? म्हणून अचानक घरी जाऊन गोळ्या मोजणं आलं, लघवी तपासणं आलं. केंद्राचे प्रमुख संशोधक वॉलेस फॉक्स यांनी १९५८ मध्येच रुग्णानं स्वतःहून औषध घेण्याच्या 'समस्ये'वर निबंध लिहिला. पुढे १९६० च्या दशकात आठवड्यातून दोनदाच, पण आरोग्य कर्मचाऱ्याच्या समोर औषध देण्याचे प्रयोग झाले. 'डोळ्यांसमोर गोळी' ही कल्पना अशी आपल्याच देशात वाढली.

त्याच सुमारास बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन उलट बाजूनं प्रश्न विचारत होते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा अभ्यास मुद्दाम वाचावा. एम.ए.ला आम्हाला पार्सन्सची 'आजाऱ्याची भूमिका' शिकवली, हा अभ्यास कुणी शिकवला नाही, म्हणून सांगतो. त्यांनी तुमकूर जिल्ह्यात गावोगावच्या क्षयरोग्यांना विचारलं, तुम्हाला त्रास जाणवतो का, तुम्ही काय केलं? १९६३ ला निष्कर्ष आले. बहुतेकांना लक्षणं जाणवत होती आणि निम्म्याहून अधिक जण इलाजासाठी कुठे ना कुठे गेले होते. सरकारी दवाखान्यानं खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना परत पाठवलं होतं. म्हणजे 'खेड्यातला माणूस अडाणी, त्याला आजार कळत नाही' हा समज साठ वर्षांपूर्वीच खोटा ठरला होता. माणूस दवाखान्यात पोचला होता, दवाखाना त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

तरी कागदावर शब्द राहिला 'डिफॉल्टर'. कर्ज बुडवणाऱ्याला जो शब्द, तोच औषध सुटलेल्याला. १९९३ पासून आपल्याकडे डॉट्स पद्धत आली. आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर जा आणि कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळा. यातून लाखो लोक बरे झाले, हे नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण रोजऐवजी तीन दिवस का? त्यात मोठं कारण हे की रोज समोर बसवून गोळी देणं व्यवस्थेला झेपणारं नव्हतं. औषधाचं वेळापत्रक पाळतीच्या सोयीनं ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये शक्य तिथं रोजचा डोस द्या असं सांगितलं, तरी आपण तीन दिवसांवरच राहिलो. डॉ. रमण कक्कड यांच्या याचिकेवर जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकारला नऊ महिन्यांत रोजचा डोस सुरू करण्याचं कबूल करावं लागलं. 'डिफॉल्टर' हा शब्दही जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये काढला. आपल्याकडे तो अजून कर्मचाऱ्यांच्या तोंडी आहे.

आता रोज गोळी म्हटल्यावर रोज केंद्रावर कोण येणार? इथून डिजिटल साधनांना खरं महत्त्व आलं. '९९डॉट्स' ही त्यातली सर्वांत चलाख आणि सर्वांत स्वस्त कल्पना. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये बिल थीस आणि सहकाऱ्यांनी ती घडवली. गोळ्यांच्या पत्त्याला कागदाचं वेष्टन, गोळी बाहेर काढली की आत लपलेला टोल-फ्री नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, की संगणकावर त्या दिवसाची नोंद. कॉल आला नाही तर रुग्णाला संदेश, कर्मचाऱ्याला यादी. खर्च नगण्य, साधा मोबाईलही चालतो. सुरुवातीला एचआयव्ही आणि क्षय दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी ती आली, मुंबईतही वापरली गेली. याशिवाय उघडल्यावर नोंद करणारी, दिवा लागणारी, आवाज देणारी डबी आली. २०१२ पासून 'निक्षय' या संकेतस्थळावर प्रत्येक रुग्णाची नोंद आहेच.

याचा उपयोग होतो का? चीनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात आठवण देणाऱ्या डबीमुळे गोळ्या चुकण्याचं प्रमाण स्पष्ट कमी झालं, नुसत्या मोबाईल संदेशांनी मात्र झालं नाही. आपल्याकडे चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत ९९डॉट्सची नोंद लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिली, तेव्हा चूक दोन्ही बाजूंनी निघाली. गोळी घेतलेल्या अनेकांचा कॉल नव्हता आणि गोळी न घेतलेल्या काहींचा होता. कारणं आपल्याला घरबसल्या सांगता येतील. फोन नवऱ्याकडे किंवा पोराकडे असतो. रेंज नसते. आजार शेजाऱ्यांपासून लपवायचा असतो. आणि कधी यादी हिरवी दिसावी म्हणून कर्मचारीच कॉल लावतो, कारण यादी लाल राहिली की वरून त्यालाच बोलणी बसतात.

आमच्या मारेगाव तालुक्याचं बघा. एका बाजूला वर्धा नदीकाठची कापसाची गावं, दुसऱ्या बाजूला डोंगराकडेचे कोलामांचे पोड. दिवाळीनंतर कापूस वेचणीला घर रिकामं होतं. पहाटे निघालेली बाई अंधार पडल्यावर येते, आणि उपाशीपोटी ती गोळी घेतली तर मळमळ होते, हे तिला कुणी ॲपवरून शिकवावं लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी यायचं तर मजुरी बुडते, एसटी मिळेलच याचा भरवसा नाही. अशा घरात मिस्ड कॉल आला नाही, तर पडद्यावर एक लाल चौकोन दिसतो. त्या चौकोनामागं मजुरी आहे, मळमळ आहे, दारू आहे, रिकामा डबा आहे की संपलेला रिचार्ज, हे चौकोन सांगत नाही. ते विचारायला आशाताईलाच पायी जावं लागतं. औषधाला साध्या दाद देणाऱ्या क्षयाचा पूर्ण उपचार पार पाडून दिल्याबद्दल उपचार-साहाय्यकाला मिळतात एक हजार रुपये. सहा महिन्यांच्या कामाचे.

आणि यंत्र फक्त एका बाजूची नोंद ठेवतं. मार्च २०२४ मध्ये देशभर क्षयाच्या औषधांचा तुटवडा झाला. केंद्राच्या क्षयरोग विभागानं राज्यांना पत्र लिहून तीन महिन्यांची औषधं स्थानिक पातळीवर विकत घ्यायला सांगितलं. त्या काळात ज्यांना रिकाम्या हातानं परत जावं लागलं, त्यांची गोळी कुणी चुकवली? रुग्णानं डोस चुकवला तर रोग औषधाला दाद देईनासा होतो, असं आपल्याला भिंतीवरच्या जाहिरातीत सांगतात. सरकारनं डोस चुकवला तरी जंतू तेच करतो. पण सरकारसाठी लाल चौकोन कुठंच नाही.

औषध सोडण्याला कधी औषधच कारण असतं, हेही बोललं पाहिजे. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ती क्षयाच्या इंजेक्शनांनी गेली. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी बेडाक्विलिनच्या वाढीव पेटंटला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं ते पेटंट नाकारलं. कमी त्रासाचं औषध स्वस्त व्हायची वाट त्यामुळे मोकळी झाली. उपचार टिकवण्यासाठी केलेलं हे काम कुठल्याही ॲपच्या तोडीचं आहे, पण त्याला कुणी 'आरोग्य तंत्रज्ञान' म्हणत नाही.

पोटाचंही तसंच. झारखंडमध्ये झालेला 'राशन्स' अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. अनुराग भार्गव, माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या कुटुंबीयांनाही दरमहा धान्य-डाळ दिली. त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. धान्यानं! आपल्या संविधानाच्या ४७ व्या कलमात लोकांचं पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य सांगितलं आहे. सरकारनं एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० रुपये सुरू केले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० केले. चांगलंच आहे. पण पैसा येतो बँक खात्यातून, आणि जून २०१७ च्या अधिसूचनेनं त्याला आधारही जोडलं. ज्याचं खातं बंद पडलेलं, ज्याच्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही, त्याची गोळी सहा महिन्यांत संपते, पैसा मागून कधीतरी येतो.

काही कार्यकर्ते यावर म्हणतात, हे सगळं पाळतीचं तंत्र आहे, फेकून द्या. मला ते पटत नाही. बाबासाहेब यंत्रविरोधी नव्हते. यंत्रामुळेच कष्टकऱ्याला उसंत मिळेल, असं त्यांनी गांधीवादाला उत्तर देताना ठामपणे मांडलं. रोज केंद्रावर जाऊन सगळ्यांसमोर गोळी गिळण्यापेक्षा घरी गोळी घेऊन मिस्ड कॉल देणं हे मजूर बाईसाठी नक्कीच मानाचं आहे. माझा आक्षेप मोजण्याच्या दिशेवर आहे. सगळी मोजणी खालच्या माणसाची होते. शिवाय ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क मानला आहे. मग आपली नोंद कोण बघतो, हे रुग्णाला सांगितलं का, नको म्हटलं तर उपचार तोच राहतो का, एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहे.

म्हणून आपल्या भागातल्या पोरांसाठी एक काम. माहितीच्या अधिकारात तालुक्याच्या क्षयरोग पथकाकडे अर्ज टाका. रुग्णांची नावं मागू नका. चार गोष्टी मागा. गेल्या दोन वर्षांत कुठल्या औषधाचा साठा कोणत्या तारखांना शून्य होता. पोषण योजनेचे पैसे किती रुग्णांना उपचार संपायच्या आत मिळाले. उपचार-साहाय्यकांचं मानधन किती थकलं आहे. आणि मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसानं केला तर तेही नाहीत. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील करा.