तिथी: भिंतीवरून फोनमध्ये

तारकर्लीहून बोलतोय. इथे तिथी फक्त उपवासापुरती नसते. पुनवेला-अवसेला समुद्राला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. जुनीजाणती माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. म्हणजे पंचमी असेल तर पावणेचारच्या सुमारास.

ही तिथी घराघरांतल्या भिंतीवर आणली ती शेजारच्या मालवणात जन्मलेल्या जयंतराव साळगावकरांनी. त्यांचं 'कालनिर्णय' १९७३ सालचं. पंचांग पोथीतून बाहेर आलं, दर वेळी भटजींना विचारायची गरज उरली नाही. पण खरी हुशारी पानाच्या मागच्या बाजूला होती: लेख, पाककृती, राशिभविष्य. ज्या घरात एरवी पुस्तक यायचं नाही, तिथेही ते मागचं पान वाचलं जायचं. माझ्या मते मराठी प्रकाशनाची ही मोठीच कामगिरी.

आता कालनिर्णयचं अ‍ॅप आहे. मुंबईतल्या चाकरमान्यालाही संकष्टी क्षणात कळते. सोय आहेच, नाही कशाला म्हणू? पण फोनवर आपण शोधतो तेच उघडतो. महिना बदलताना सहज नजरेखाली आलेला लेख कोण मुद्दाम शोधणार? दुधाचा खाडा मात्र अजून भिंतीवरच्या चौकटीतच लिहितात.