खानदेशातील पर्यटन

खानदेशातील पर्यटन हे प्रामुख्याने जळगाव, भुसावळ, चाळीसगाव आणि धुळे या शहरांत मुक्काम करून केल्या जाणाऱ्या एकदिवसीय सहलींचे पर्यटन आहे. उत्तर महाराष्ट्रातील तापी नदीच्या खोऱ्यात, सातपुडा पर्वत आणि अजिंठा-सातमाळा डोंगररांग यांच्या दरम्यान हा प्रदेश वसलेला आहे. लेणी, संगमावरील मंदिरे, भुईकोट व डोंगरी किल्ले, अभयारण्ये, संशोधनसंस्था आणि स्वतंत्र चवीची खाद्यसंस्कृती ही त्याची वैशिष्ट्ये होत. बाहेरून येणारे अनेक पर्यटक जळगावचा उपयोग केवळ अजिंठ्याला जाण्यासाठी उतरण्याचे स्थानक म्हणून करतात. त्यामुळे या प्रदेशातील उर्वरित स्थळे तुलनेने कमी परिचित राहिली आहेत.

## पार्श्वभूमी

मध्ययुगात खानदेशावर फारुकी घराण्याची सत्ता होती. तापीकाठचे थाळनेर हे त्यांचे आरंभीचे ठाणे होते. पुढे बऱ्हाणपूर ही राजधानी झाली. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर हा प्रदेश मोगल साम्राज्यात गेला. ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश (आताचा जळगाव) आणि पश्चिम खानदेश (आताचा धुळे) असे विभाजन झाले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला. मराठीसोबत अहिराणी, लेवा गणबोली, तावडी, तसेच सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांच्या बोली येथे बोलल्या जातात.

## दळणवळण

जळगाव आणि भुसावळ ही दोन्ही जंक्शन स्थानके मुंबई-हावडा लोहमार्गावर असून त्यांच्यामधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. सुरतकडे जाणारा लोहमार्ग धरणगाव, अमळनेर आणि नंदुरबार यांना जोडतो, तर भुसावळहून निघणारा खंडव्याचा मार्ग बऱ्हाणपूरला जातो. चाळीसगावहून धुळ्यापर्यंत स्वतंत्र शाखा आहे. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ आणि मुक्ताईनगर ही गावे सुरत-नागपूर महामार्गावर एकापाठोपाठ एक येतात, तर मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यातून जातो. या रचनेमुळे एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून सकाळी निघणे आणि सायंकाळी परतणे सोयीचे होते.

## हंगाम

खानदेशात सर्व आकर्षणे एकाच ऋतूत अनुभवता येत नाहीत. सातपुड्यातील आणि पाटणादेवी परिसरातील धबधबे पावसाळ्यात वाहतात. भरिताची वांगी, हरभरा, मेहरूणची बोरे आणि हतनूर जलाशयावरील स्थलांतरित पक्षी हे हिवाळ्याचे विशेष आहेत. आमरस आणि खापरावरील पुरणपोळीचा सण असलेली आखाजी, म्हणजेच अक्षय तृतीया, मात्र ऐन उन्हाळ्यात येते. त्या काळात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते आणि दुपारी किल्ले किंवा लेणी पाहणे त्रासदायक ठरते. सर्वसाधारण प्रवासासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल मानला जातो.

## एकदिवसीय सहली

### अजिंठा

अजिंठा लेणी प्रशासकीयदृष्ट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी जळगावहून ती सुमारे ६० किलोमीटरवर आहेत. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेल्या या बौद्ध लेण्यांचा पहिला टप्पा सातवाहनकालीन, तर दुसरा इसवी सनाच्या पाचव्या शतकातील वाकाटककालीन आहे. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही लेणी विशेष प्रसिद्ध असून पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र पहिल्या लेण्यात आहे. २६व्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. १९८३ मध्ये त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

येथील चित्रे मातीच्या कोरड्या गिलाव्यावर काढलेली असल्याने ओलावा, धूर आणि स्पर्श यांमुळे त्यांची हानी होते. त्यामुळे खासगी वाहने फर्दापूरजवळील वाहनतळावर थांबवली जातात आणि तेथून लेण्यांपर्यंत बसने जावे लागते. चित्रांवर झगझगीत प्रकाश टाकून छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. सोमवारी लेणी बंद असतात.

१८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांची या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतांश १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

### जळगाव शहर आणि परिसर

जैन हिल्स येथील गांधी तीर्थ हे महात्मा गांधींच्या जीवनावरील संग्रहालय व संशोधनकेंद्र २०१२ मध्ये खुले झाले. शहरालगतचे मेहरूण हे तलावासाठी आणि बोरांसाठी ओळखले जाते. जवळचे आसोदे हे कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे माहेर. सोन्याच्या बाजारपेठेमुळे जळगावला सुवर्णनगरी असेही म्हणतात.

### मुक्ताईनगर, चांगदेव आणि सातपुडा पायथा

तापी आणि पूर्णा नद्यांच्या संगमावर चांगदेव येथे प्राचीन दगडी मंदिर आहे. जवळच्या कोथळी येथे संत मुक्ताबाईंचे जुने मंदिर असून आषाढी वारीसाठी त्यांची पालखी याच परिसरातून पंढरपूरला जाते. महाशिवरात्रीच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. तापीवरील हतनूर धरणाचा जलाशय पक्षिनिरीक्षणासाठी ओळखला जातो.

तापीच्या उत्तरेस यावल आणि रावेर तालुक्यांत केळीच्या बागांचा सलग पट्टा दिसतो. याच भागातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन होय. सातपुड्यातील पाल हे थंड हवेचे ठिकाण, यावल अभयारण्य आणि आडगावजवळील मनुदेवी मंदिर ही याच दिशेची अन्य स्थळे आहेत.

### चाळीसगाव आणि पाटणादेवी

चाळीसगावच्या दक्षिणेस गौताळा औट्रमघाट अभयारण्यात चंडिकादेवीचे मंदिर असून ते पाटणादेवी या नावाने परिचित आहे. येथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात गणितज्ञ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापन केलेल्या मठाचा उल्लेख आहे. हे चांगदेव योगी चांगदेवांहून वेगळे होत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. डोंगराच्या माथ्याकडे कन्नड तालुक्यात पितळखोरे येथील प्राचीन बौद्ध लेणी आहेत. चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळ छायाचित्रकार केकी मूस (१९१२-१९८९) यांच्या कलाकृतींचे दालन आहे.

### एरंडोल, पारोळा आणि अमळनेर

एरंडोलजवळील पद्मालय येथे कमळांच्या तळ्याकाठी गणपतीचे मंदिर असून एकाच गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेच्या दोन मूर्ती आहेत. पारोळ्याचा खंदकयुक्त भुईकोट किल्ला अठराव्या शतकातील आहे. अमळनेर येथे साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आणि बोरी नदीच्या पात्रातील संत सखाराम महाराजांची समाधी याच गावात आहे.

### धुळे

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन करण्यात आले. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जतन केलेली आहेत. शहराच्या दक्षिणेस लळिंगचा डोंगरी किल्ला व उत्तरेस सोनगीरचा किल्ला आहे. साक्री तालुक्यातील बळसाणे येथे प्राचीन मंदिरांचा समूह आहे.

### बऱ्हाणपूर

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी ते ऐतिहासिक खानदेशाची राजधानी होते. तेथील जामा मशिदीत अरबीबरोबरच संस्कृत शिलालेखही आहे. शाही किल्ल्यातील हमाम आणि भूमिगत जलवाहिन्यांची कुंडी भंडारा ही व्यवस्था मोगलकालीन आहे. मुमताज महल यांचे १६३१ मध्ये याच शहरात निधन झाले. मावा जिलेबी ही या गावची प्रसिद्ध मिठाई आहे.

## खाद्यसंस्कृती

खानदेशी जेवणाचा पाया ज्वारी, उडीद, तूर, शेंगदाणे, लसूण आणि मिरची हा आहे. हिवाळ्यात भरिताला विशेष महत्त्व असते. हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या काड्यांवर भाजली जातात. सोललेला गर लाकडी भांड्यात कुटून त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालतात. शेतात एकत्र जमून भरीत करण्याची प्रथा लेवा पाटीदार समाजात विशेष रूढ असली, तरी आता ती सर्वत्र दिसते. भरितासोबत पुऱ्या किंवा ज्वारी व उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी वाढतात. जळगावची केळी आणि भरिताची वांगी या दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

लग्नकार्यात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी हे प्रमुख जेवण असते. गव्हाच्या जाडसर पिठाची बट्टी आधी उकडून मग तळतात किंवा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. शेवभाजी, पातोड्यांची भाजी आणि डुबुकवडे हे काळ्या मसाल्याचे झणझणीत पदार्थ वर्षभर मिळतात. आखाजीला पालथ्या खापरावर हातांनी वाढवलेली मोठी पुरणपोळी (मांडा) आमरस आणि रशीबरोबर खाल्ली जाते. उन्हाळ्यात घरोघरी बिबडे, कुरडया आणि पापड वाळवले जातात.

शेवभाजी महामार्गावरील ढाब्यांवर सहज मिळते. पऱ्हाट्यांवरचे भरीत आणि खापरावरची पोळी यांसाठी मात्र हंगाम, मोकळी जागा आणि सराईत हात लागतात. त्यामुळे या पदार्थांची उत्तम चव उपाहारगृहांपेक्षा शेतात आणि घरी अधिक आढळते.

## सहलींचे नियोजन

चार दिवसांच्या प्रवासात साधारणतः जळगाव येथे तीन मुक्काम केले जातात. त्यात एक दिवस अजिंठ्यासाठी, एक मुक्ताईनगर व सातपुडा पायथ्यासाठी, एक पद्मालय, पारोळा व अमळनेरसाठी आणि परतीचा दिवस चाळीसगाव किंवा धुळ्यासाठी ठेवता येतो. अजिंठ्याची सहल सोमवारी येणार नाही अशा रीतीने वारांची आखणी करावी लागते. अजिंठ्याला पूर्ण दिवस आवश्यक असल्याने त्याच दिवशी दुसरे स्थळ जोडणे सोयीचे ठरत नाही. अभयारण्यातील स्थळांना दिवसाउजेडी भेट देऊन परतणे इष्ट असते. भरितासाठी डिसेंबर-जानेवारी आणि खापरावरील पोळीसाठी आखाजीचा आठवडा हे निश्चित काळ असल्यामुळे सहलीची तारीख ठरवताना स्थळांइतकाच पदार्थांचाही विचार करावा लागतो.

## हेही पाहा

- अजिंठा लेणी
- खानदेश
- अहिराणी बोली
- बहिणाबाई चौधरी
- गौताळा औट्रमघाट अभयारण्य