राजापूर: नकाशातून गेलेला मतदारसंघ

मागच्या गणपतीत गावी गेलो होतो, देवगड तालुक्यात. आरती झाल्यावर पडवीत गप्पा रंगल्या आणि काकांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं. ज्याने रेल्वे आणली, त्यालाच आपण पाडलं! हे मी लहानपणापासून ऐकतोय. यावेळी म्हटलं, जरा नीट बघूया. म्हणून आजचा भाग राजापूर लोकसभा मतदारसंघाचा.

नाव राजापूरचं, पण मतदारसंघाचा मोठा भाग आजच्या सिंधुदुर्गातला. 1957 ला, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, इथून बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. वेंगुर्ल्याचे, प्रजा समाजवादी पक्षाचे. मग 1962 आणि 1967. जानेवारी 1971 मध्ये बेळगावात ते गेले, वय फक्त 48. दोनच महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक होती. पक्षाने उमेदवारी दिली मधु दंडवते यांना. मुंबईतले फिजिक्सचे प्राध्यापक. देशभर इंदिरा लाट, आणि राजापुरात मात्र समाजवादी प्राध्यापक निवडून आला. पुढे 1977, 1980, 1984, 1989, सगळीकडे तेच. 1984 ला जनता पक्षाच्या देशभरात मिळून 10 जागा आल्या होत्या, त्यातली एक राजापूरची. म्हणजे 1957 पासून सलग आठ निवडणुका काँग्रेस इथे हरली.

यात मला भारी वाटतं ते चिन्हांचं. आधी झोपडी, मग नांगरधारी शेतकरी, मग चक्र. पक्ष फुटत होते, जुळत होते, पण मतदार माणूस शोधून शिक्का मारत होता. आमच्या आजोबांना शेवटपर्यंत पक्षाचं नाव धड सांगता यायचं नाही, दंडवत्यांचं मत म्हणायचे, बस.

आता रेल्वे. दंडवते 1977 ला रेल्वेमंत्री झाले. सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या त्या त्यांच्या काळात. कोकण रेल्वेला मात्र वेळ लागला. खर्च प्रचंड, डोंगर पोखरायचे, नद्या ओलांडायच्या, त्यामुळे पैसा देतो कोण? 1989 ला व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं आणि योग असा जुळला की रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री दंडवते. वेगळं महामंडळ काढायचं, केंद्र आणि चार राज्यांनी भागभांडवल घालायचं, बाकी पैसा बाजारात रोखे विकून उभा करायचा, असा मार्ग निघाला. जुलै 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं. नोव्हेंबरात सरकार पडलं.

आणि 1991 ला दंडवते हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले.

कृतघ्नपणा? मला नाही पटत. तारखा बघा. रोहा ते मंगळूरची सुमारे 740 किलोमीटरची लाईन पूर्ण सुरू झाली 26 जानेवारी 1998 ला. 1991 च्या मतदाराने गाडी पाहिलीच नव्हती. त्याच्या वाट्याला तेव्हा आली होती ती जमिनीची मोजणी. त्यात 21 मेला राजीव गांधींची हत्या झाली आणि महाराष्ट्रातलं मतदान त्यानंतर जूनमध्ये झालं. राज्यातल्या 48 पैकी 38 जागा काँग्रेसने घेतल्या. एकटं राजापूर वेगळं काढून त्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

पण खरं कारण मला त्याच्याही खालचं वाटतं. आमच्याकडे घरं चालायची मुंबईच्या मनीऑर्डरवर, आणि मनीऑर्डर यायची गिरणगावातून. 1982 च्या संपानंतर ते गिरणगाव मोडलं. लालबाग-परळमधली पुढची पिढी शिवसेनेच्या शाखेत वाढली, आणि होळी-गणपतीला गावी येताना शाखाही सोबत घेऊन आली. 1990 ला नारायण राणे सिंधुदुर्गातून शिवसेनेचे आमदार झाले, म्हणजे पाया लोकसभेच्या आधीच सरकला होता. समाजवाद्यांकडे सेवादल होतं, शिक्षक होते, पण विशी-पंचविशीतली पोरं नव्हती. हा माझा अंदाज आहे, पण 1996 बघा. जागा काँग्रेसकडे राहिली नाहीच, समाजवाद्यांकडेही परतली नाही. ती शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेली, आणि 2004 पर्यंत चार वेळा त्यांच्याकडेच राहिली.

मग 2008 ची पुनर्रचना. राजापूर लोकसभा रद्द, नवा मतदारसंघ रत्नागिरी-सिंधुदुर्ग. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन टेबलं मर्ज केली आणि एका टेबलाचं नावच उडवलं. 2009 ला काँग्रेसच्या निलेश राणेंनी प्रभूंना हरवलं, 2014 आणि 2019 ला विनायक राऊत, 2024 ला भाजपकडून नारायण राणे. गंमत म्हणजे प्रभू पुढे रेल्वेमंत्री झाले 2014 ला, पण राज्यसभेतून.

काकांना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "तरीपण पाडायला नको होतं." मग मला स्टेशनवर सोडायला निघाले. परतताना रात्री गाडी राजापूर रोडला थांबली. गावाचं नाव लावलेलं स्टेशन, आणि गाव तिथून चांगलं दहा-पंधरा किलोमीटर लांब. दोन-तीन माणसं उतरली, रिक्षा शोधत.